मेणाचा पाय

प्रिय मम्मी,

हे पत्र तुला ब्रँडनदादा वाचून दाखवणार, म्हणून आधी त्याच्याशीच बोलते. दादा, लिहिलंय तसं वाच आणि सगळं वाच. मागच्या पत्राचं तू काय केलंस ते पप्पांनी मला सांगितलं. मी चार पानं लिहिली आणि तू म्हणालास, बरी आहे, जेवते, सगळ्यांची आठवण काढलीय. दहावीला मराठीच्या पेपरात सारांश लिहायला सांगायचे तेव्हा ही हुशारी कुठे गेली होती? या वेळी पप्पांना शेजारी बसव. त्यांना अक्षरं लागत नसली तरी पान किती वेळात उलटलं ते कळतं. आणि मम्मी, तू मध्ये उठायचं नाहीस. फोनवर मी पायाचा विषय काढला की तू फोन छपराकडे करतेस, "आवाज नाय येत गो, आवाज नाय येत" म्हणतेस, आणि मी इथे आफ्रिकेत बसून आपल्या घरातला पंखा बघते. पंख्याचा आवाज मात्र मला स्पष्ट येतो. पत्राला असं छपराकडे करता येत नाही, म्हणून पत्र.

पत्र घेऊन आलेले हवालदार उत्तम भोईर आमच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. ते टिटवाळ्याचे. रजेवर आलेत, आणि स्वतःच्या घरी दोन दिवस राहून मग आपल्याकडे कोलशेतला येतो म्हणाले. माणूस लाजाळू आहे. निवट्यांचं कालवण केलंस तर आग्रह कर, नाहीतर ते एवढुसं जेवून उठतील. पप्पा, हे तुमच्यासाठी: त्यांना लढाईच्या गोष्टी विचारू नका. ते सांगणार नाहीत, आणि तुम्ही त्यात भर घालून रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सांगाल.

कारण सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली असं मला आजही वाटतं. मला दक्षिण सुदानला पाठवणार हे कळलं तेव्हा मी घरी येऊन तुम्हा तिघांना समोर बसवून समजावलं होतं. तिथल्याच लोकांच्या दोन गटांत लढाई आहे. आपण कोणाच्याच बाजूने लढायला जात नाही. आमच्या फौजेला शांतिसेना म्हणतात, आणि तिच्यातसुद्धा मी हॉस्पिटलमध्ये. फौजेचा गणवेश आहे, लेफ्टनंटचे तारे आहेत, पण मी नर्स आहे, माझ्या हातात सलाईनची बाटली असते. पप्पांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि त्याच रविवारी मिस्सा सुटल्यावर सांगून टाकलं की आमची ब्रेंडा लढाईला चाललीय. पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे मशीनगन आली. जानेवारीत तीन राजांच्या सणानंतर मी निघाले तेव्हा वाडीतलं कोणीतरी मला विचारत होतं, रणगाडा चालवायला कुठे शिकलीस? लोक हसले. मीही हसले. तू हसली नाहीस. विमानतळावर यायला सगळे टेम्पोत चढले आणि तू म्हणालीस, घरात काम आहे. काम कसलं, आम्ही वळणावरून गेल्यावर तू वाडीच्या क्रुसापुढे जाऊन चपला काढल्यास. नवस बोललीस, ब्रेंडा घरी परत येईपर्यंत पायात काही घालणार नाही.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. उन्हाळ्यात एकदा पप्पा फोनवर मला मांजरीची नवी पिल्लं दाखवत होते. मांजर पळाली, पप्पा फोन घेऊन तिच्यामागे पळाले, आणि मागे ओट्यावरून तू मासळीची टोपली घेऊन उतरताना दिसलीस. अनवाणी. मी म्हटलं, पप्पा, मम्मीच्या चपला तुटल्या का? मग मला पंखा दिसला. दादाला वेगळा फोन केला तर तो म्हणाला, तुला काय करायचंय, तो तिच्या नि बांद्र्याच्या मोत माउलीच्या मधला प्रश्न आहे. दादा, तू टेम्पो चालवतोस, टायर घासला की लगेच तुझं तोंड उतरतं. आईच्या तळव्याकडे बघायला तुला मोत माउलीची परवानगी लागली?

मम्मी, मी नवसाला नाव ठेवत नाही. मीही प्रार्थना करूनच ड्यूटीवर जाते. पण बोलायचा तर दुसरा काहीतरी बोलायचास! वर्षभर बोंबील खाणार नाही म्हणायचं. टीव्हीवरची ती सासूची मालिका सोडायची, त्यात तुलाही शांती आणि पप्पांनाही. भोईरांच्या आईनेसुद्धा टिटवाळ्याच्या गणपतीला मोदक बोललेत. मोदकांनी कोणाचा पाय गेलेला मी ऐकला नाही. तुला साखर आहे. तू रोज टोपली घेऊन त्या नव्या टॉवरच्या गेटपर्यंत चालत जातेस, आणि तो रस्ता म्हणजे रस्ता आहे का? एका बाजूला काम चालू, खिळे, सळ्यांचे तुकडे, फुटक्या लाद्या. दुसऱ्या बाजूला डांबर, एप्रिलमध्ये त्याच्यावर भाकरी भाजेल. साखरेच्या माणसाने घरातसुद्धा अनवाणी फिरू नये हे मी तुला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून सांगतेय. तेव्हा तू कौतुकाने म्हणायचीस, आमची पोरगी डाक्टरनीसारखी बोलते. बोलणं आवडलं, ऐकलं कोणी?

व्हायचं तेच झालं. ऑगस्टमध्ये लादीचा तुकडा टाचेत घुसला. हेही मला दोन आठवड्यांनी कळलं, तेसुद्धा दादाच्या तोंडून चुकून. हळद भरून फडकं बांधलंस आणि दुसऱ्या दिवशी टोपली उचललीस. फडकं, ते पण टोपलीतलं असणार, मला तुझी फडकी माहीत आहेत. मी रडले, ओरडले, दादाला म्हटलं उचलून टेम्पोत टाक आणि डॉक्टरकडे ने. तो म्हणाला नेतो. आणि सप्टेंबरात त्याने खरंच तुला टेम्पोत बसवलं, आणि नेलं कुठे, तर बांद्र्याच्या जत्रेला! मोत माउलीच्या डोंगरावर! दुखऱ्या टाचेने तू पायऱ्या चढलीस, रांगेत उभी राहिलीस, मेणाचा पाय विकत घेतलास आणि तिच्या पायाशी ठेवून आलीस. जत्रेतून दादाने मला तुझा फोटो पाठवला. तू हसतेयस, हातात तो मेणाचा पाय, पाचही बोटं सरळ, टाच गुळगुळीत. मी तो फोटो मोठा करून करून खाली तुझा खरा पाय दिसतो का ते बघत होते. साडीच्या काठाखाली गेला होता.

मम्मी, मेणाच्या पायाला साखर नसते. मेणाचा पाय ठेव, अगदी दोन ठेव, पण आधी खरा पाय डॉक्टरला दाखव. मोत माउलीने कधी म्हटलंय का की माझ्याकडे आलात तर दवाखान्यात जाऊ नका?

आणि आता नीट ऐक, कारण सगळ्यात मोठी चूक इथे आहे. जत्रेनंतर तू मला आनंदाने सांगितलंस की दुखायचंच थांबलं. "मोत माउलीनं दुखना काढून घेतला." वाडीत सगळ्यांना सांगितलंस, तेर्साच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना फडकं सोडून टाच दाखवलीस, बोट दाबून दाखवलंस की बघा, काय होत नाय. मम्मी, जखम भरलेली नाही आणि दुखत मात्र नाही, याला बरं होणं म्हणत नाहीत. साखरेने पायाच्या नसा मरतात. मग खडा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, आत पू झाला तरी कळत नाही. दुखणं म्हणजे पायाने मारलेली हाक असते, आणि तुझ्या पायाने हाक मारायचं सोडलंय. तू त्याला चमत्कार म्हणतेस. इथे आमच्याकडे जवळच्या गावातला एक म्हातारा आला होता, त्यालाही साखर. तोही हसून सांगत होता की मला काही दुखत नाही, मुलगाच उगीच घेऊन आला. त्याची बोटं आम्हाला काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्याने माझा हात धरला आणि त्याच्या भाषेत काही विचारलं. दुभाष्या म्हणाला, तो विचारतोय की दुखत नव्हतं तर का कापलंत? मम्मी, हे तू मला विचारायची वेळ येऊ नये.

मी आपल्या चर्चच्या फादरांनाही लिहिलं. तुला राग येईल, येऊ दे. मी त्यांना विचारलं की एखाद्याने नवस बोलला आणि तो पाळताना जीवाला धोका झाला तर काय करायचं. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं. नवस बदलून द्यायचा अधिकार त्यांना आहे, चर्चचा तसा नियमच आहे. अनवाणी राहण्याच्या जागी ते तुला दुसरं काहीतरी देतील, रोजची एक जास्त रोझरी, आजाऱ्यांना भेटणं, काहीही. पाप लागत नाही. फक्त ज्याने नवस बोलला त्याने स्वतः येऊन मागायला हवं. त्यांनी तुला दोनदा निरोप दिला, आणि तू काय केलंस? सकाळच्या मिस्साला जायचं सोडून संध्याकाळच्या मिस्साला जायला लागलीस, कारण तो पाहुणे फादर घेतात! पन्नाशी उलटलेली बाई, फादरांना चुकवते! पप्पा म्हणाले, तुझ्या आईला कोण सांगणार. पप्पा, तुम्ही सांगणार. रणगाड्याचं सांगायला तोंड होतं ना?

तू का मागत नाहीस ते मला कळतं. तुला वाटतं चपला घातल्या तर मला काहीतरी होईल. हे तू कधी बोलली नाहीस, पण मी विचारलं की फोन छपराकडे करतेस ते त्याचंच. म्हणून आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी फोनवर सांगितली नव्हती. मी तुला कधी खोटं सांगितलेलं नाही. सगळं सांगितलं असंही नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी आमच्या कॅम्पच्या रस्त्यापलीकडे दोन गटांत गोळीबार झाला. दादा, थांबू नकोस, वाच. आम्ही सगळे वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला होतो. दोन गोळ्या औषधांच्या कोठारावरच्या पत्र्यातून आत गेल्या. माणसाला एकही लागली नाही. गोळीबार थांबल्यावर गावातली जखमी माणसं यायला लागली, आणि मग काही दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. त्या आठवड्यात मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, तुझा आवाज बसलाय. मी म्हटलं, सर्दी आहे. सर्दी खरोखर होती.

आता तू काय म्हणशील ते मला इथून ऐकू येतंय. ऑगस्ट! माझ्या पायात लादी घुसली तोच महिना! म्हणजे पोरीवरची गोळी मी माझ्या पायावर घेतली! मम्मी, नाही. तसं काही झालेलं नाही. आम्ही वाचलो ते पोत्यांमुळे. ती पोती भरायला दोन दिवस लागले होते. भोईर आणि बाकीची माणसं उन्हात वाळू भरत होती आणि वॉर्डात धूळ येते म्हणून मीच त्यांच्यावर खेकसत होते. विश्वास नसेल तर भोईरांना विचार, तेवढं ते सांगतील. देवाने मला वाचवलं असेल तर त्यांच्या फावड्याने वाचवलं. तुझी टाच कुजवून मला वाचवणारा देव मला नको, आणि तूही मला लहानपणी असला देव शिकवलेला नाहीस. तू शिकवलास तो तापात कपाळावर हात ठेवणारा होता.

बाकी मी ठीक आहे. इथे कडुनिंबाची झाडं आहेत, भेंडी मिळते, नदीचा मासा मिळतो पण त्याला चव नाही. तुझा बाटलीमसाला संपत आलाय. सोबतची संचिता साताऱ्याकडची, ती वरणातसुद्धा आपला मसाला घालते. नाताळला तुमच्या करंज्यांच्या वेळी मला फोन लावा, मला नुसतं बघायचंय. मी येणार म्हणून पप्पांनी जानेवारीसाठी बदक सांगून ठेवलंय असं दादा म्हणाला. पप्पा, ते बदक राहू द्या. दादा, विमानतळावर यायला मोठी गाडी ठरवणार होतास तीही ठरवू नकोस. माझा ब्लाउज शिवायला टाकाल तेव्हा माप द्यायला मी शिवणवाल्या स्वप्नाकडे नसले तरी चालेल, माझं जुनं माप तिच्याकडे आहे, सैल ठेव म्हणावं.

भोईरांच्या पिशवीत ड्रेसिंगचं सामान आहे. दादा, ते पहिल्या दिवशी माझ्याशी फोनवर बोलत बोलत वापर, मी दाखवते. रोज रात्री मम्मीचा तळवा उजेडात बघायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. लाज वाटत असेल तर वाटू दे, तिने तुझं काय काय धुतलंय ते आठव. पण त्याआधी डॉक्टर. हे पत्र वाचून झालं की त्याच दिवशी. साखर तपासायची, टाच दाखवायची, ते म्हणतील तर राहायचं. पिशवीत एक बुटांची जोडीही आहे, मऊ, आत शिवण नसलेली, साखरेच्या पेशंटसाठी मिळते ती. माप मी अंदाजाने घेतलंय. रंग बघून नाक मुरडू नकोस, काळाच मिळाला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते, आणि दादा, हे हळू वाच. मम्मी, मी जानेवारीत येत नाही. मे संपेपर्यंत मी इथेच आहे. आमच्या जागी येणाऱ्या तुकडीत बायकांच्या वॉर्डसाठी एकच नर्स आहे. दुसरी येईपर्यंत आपल्यातली कोणी थांबेल का असं आमच्या मॅडमनी विचारलं. इथल्या बायका पुरुषांना जखम दाखवत नाहीत, कपड्याखाली झाकून परत घरी घेऊन जातात. संचिताची मुलगी अजून लहान आहे, तिला थांब म्हणणं मला जमलं नसतं. मी हात वर केला. हुकूम नव्हता. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर पप्पा रविवारी सांगतील की सरकारने सोडलं नाही. आणि हात वर करताना मला तुझा नवस माहीत होता, तुझी टाच माहीत होती, तू माझ्या येण्याची वाट बघत अनवाणी चालतेयस हे माहीत होतं. सगळं माहीत असून मी हो म्हटलं. तू ज्या दिवसासाठी थांबली होतीस तो दिवस मीच पुढे ढकलला, आणि तुझी टाच तोपर्यंत थांबणार नाही. म्हणून माझ्यावर चिड. मनापासून चिड, वाडीत सांग की पोरीला आईपेक्षा परक्या बायका जवळच्या झाल्या. त्याच रागात ते बूट घाल आणि सकाळच्या मिस्साला जाऊन फादरांना सांग की माझी मुलगी वेळेवर येत नाही, मला या नवसातून सोडवा. मोत माउलीला उत्तर द्यायचं असेल ते मी आल्यावर देईन, डोंगर चढून देईन. मे संपल्यावर मी दारात येईन तेव्हा माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी आत येऊन गप्प बसेन. पण उठून उभी राहा, मम्मी, स्वतःच्या दोन्ही पायांवर.

तुझीच, इतकी चिडलेली आणि तरीही तुझीच,
ब्रेंडा